पातूरच्या लेण्याचा उंबरा

माय गेल्यापासून बंद असलेल्या तिच्या घराचं कुलूप काढलं आणि वटवाघळांचा उग्र वास आला. तोच, पातूरच्या लेण्यातला.

धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही मायलेकी तिथं गेलो होतो. फार पूर्वी इथं भिक्खू राहायचे, असं मायनं ऐकलं होतं. डोंगरात कोरलेले जाड खांब, आत गार अंधार. मी धावतच शिरले. माय मात्र चपला काढून बाहेर उन्हात उभी.

"माय, कावून थांबली? अंदर कोनीच नाई."

"तेच तं, पोरी. ये म्हननारं बी कोनी नाई."

देवळाबाहेर थांबण्यात तिचा जन्म गेला होता. शेवटी मीच आतून म्हटलं, "ये." तेव्हा ती आली.

आज तिच्या उंबऱ्याशी मी कधीची उभी आहे. आत कोणीच नाही.