सालीवरच्या काळ्या रेघा

लेक शिकायला कॅनडाला गेली आणि कुवेतच्या सबाह अल-सालेममधला आमचा फ्लॅट मला खायला उठू लागला. तिचे बाबा त्याआधीच वारले होते. हॉस्पिटलची लॅब आणि घर, एवढंच उरलं.

त्या हिवाळ्यात लॅबमधल्यांनी वाळवंटात कॅम्पला जायचं ठरवलं. लाकडं मी आणते म्हटलं. शुक्रवार कुठेतरी घालवायचाच होता. शुवैखच्या वखारीत एका ओंडक्यावर पांढुरका थर दिसला. सालीशी इतका एकजीव, की नखाने निघेना. त्यावर बारीक, वाकड्यातिकड्या काळ्या रेघा. रत्नागिरीला बीएस्सी करताना मी आणि माझी मैत्रीण आंब्याच्या खोडांवर हेच शोधत हिंडायचो. लायकेन! मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड.

"भैया, ये लकडी कहाँ की है?"

"अफ्रीका की, मॅडम. जलाने की है."

सालीचा तुकडा तेवढा मी पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले. त्वचेची बुरशी तपासायला ठेवलेल्या पोटॅशचा थेंब मी त्या थरावर सोडला. पिवळा झाला, मग लाल; कॉलेजात लायकेनची ओळख अशीच पटवायचो. एका रेघेचा पातळ काप काढून, आयोडिन घालून मायक्रोस्कोपखाली धरला. लांबट बीजाणू जांभळे झाले होते. मी मान वर केली. सांगायला कुणी नव्हतं.

लेकीला फोटो पाठवला. "नाइस, मम्मा," एवढंच आलं.

मग तोच फोटो रत्नागिरीच्या त्या मैत्रिणीला पाठवून फोन लावला. ती आता आमच्याच कॉलेजात शिकवते.

"लायकेन सापडलंय. ग्राफिस वाटतंय मला. बघतेस?"

ती म्हणाली, "तुझे मिस्टर गेले ते मला दुसऱ्यांकडून कळलं गं."

मी मायक्रोस्कोपचं चाक उगाच फिरवलं. तिनेच विचारलं, "बीजाणूंत आडवे पडदेच आहेत की उभेही?"

"थांब, बघते." फोन कानाशी धरूनच डोळा लावला. "आडवेच."

"मग ग्राफिसच. पण नेमकी जात फोटोवरून नाही सांगायची मी. तुकडा घेऊन ये."

रजेत तुकडा घेऊन रत्नागिरीला गेले. तिच्या टेबलाशी बसून दोघींनी पुस्तकं पालथी घातली, पण आफ्रिकेतल्या जाती तिच्या पुस्तकांत नव्हत्या. शेवटी तिने तुकड्याच्या पाकिटावर नुसतं 'ग्राफिस' लिहिलं आणि विचारलं, "जेवायला थांबतेस ना?"

थांबले.