पायांवरचं न्हाणं

हसनाबादेतल्या निम्म्या गावाची पहिली आंघोळ चांगुणाबाईच्या पायांवर झाली. पाय लांब करून बसायचं, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, तेल जिरवायचं, पाणी ओतायचं. आज मिशीला पीळ देत हिंडणारे कित्येक बहाद्दर तिच्या पायांवर बोंबललेले. तिला मात्र आस होती स्वतःच्या नातवाची. सून तृप्तीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच होणार होतं.

तृप्तीला सातवा लागला आणि चांगुणाबाईच्या हातावर लाल, पापुद्रे सुटणारा चट्टा उठला. लोकांनी पाहिला तर बाळाला हात लावू देणार नाहीत, या धास्तीनं तिनं नको तो उद्योग केला. गुपचूप बिब्बा तापवून चट्ट्यावर डागला. कातडी करपली आणि बधिर झाली.

मुलगा बद्रीनाथ तिला जालन्याला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापूस फिरवला.

"कळतंय का, आजी?"

"न्हाई."

"यावर काही लावलं होतं?"

चांगुणाबाईनं नकारार्थी मान हलवली. लेकासमोर काय सांगणार!

"कुष्ठरोगाची शंका आहे. कातडीचा तुकडा तपासल्यावरच नक्की कळेल. तोवर यांना दूर ठेवू नका."

शंकाच होती ती, पण घरी पोचेपर्यंत चांगुणाबाईनं निकाल लावून टाकला. ताटवाटी वेगळी केली, अंथरूण पडवीत नेलं. वेगळं राहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, हेच जास्त जिवाला लागतं.

तुकड्यात नुसती भाजलेली कातडी निघाली. जखम भरल्यावर पुन्हा तपासायचं ठरलं. तेव्हाही तिनं बिब्ब्याचं लपवलंच. जखम चिघळली, महिने गेले.

मधे नातू झाला. शेजारची नंदाबाई त्याला न्हाऊ घालायला यायची. चांगुणाबाई भिंतीआडून ओरडायची, "मान धर गं, मान!" आणि मग पदर तोंडात कोंबून रडायची.

दुसऱ्या खेपेला तिनं बिब्ब्याचं कबूल केलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. या वेळी तुकड्यात सोरायसिस निघाला. पहिला अंदाज चुकला होता. हा रोग कुणाला लागत नाही, खुशाल नातवाला घ्या, असं त्या म्हणाल्या. बद्रीनाथ एसटीत सगळ्यांदेखत रडला.

घरी आल्या आल्या चांगुणाबाईनं पाणी तापवलं, तेल कोमट केलं आणि न्हाणीत पाय लांब करून बसली.

"आण गं माझं लेकरू, जल्दी!"

तृप्तीनं डोळे पुसत बाळ आणून तिच्या पायांवर पालथं घातलं. बाळ लगेच उलटलं आणि ताठ बसलं. नडग्यांवर ते मावेचना. समोरच्या अनोळखी बाईकडे पाहून त्यानं भोकाड पसरलं आणि आईकडे हात केले.

"आत्याबाई, आता ते पायावर ऱ्हात न्हाई," तृप्ती हळूच म्हणाली. "टबात बसून खेळून राह्यलंय."

"बराबर हाय. घे त्याला, गारठंल."

तृप्ती बाळाला घेऊन आत गेली. पाणी निवेपर्यंत चांगुणाबाई तशीच पाय लांब करून बसून राहिली.