पैशाचं बोलणं निघालं की

मला पहिली नोकरी लागली तेव्हा मी ताईला फोन केला. ताई म्हणजे माझ्या मावशीची मुलगी, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून ती फ्रेमच्या मापानं भिंगं घासते. दुसरी एखादी ताई अशा वेळी ‘वा रे पठ्ठ्या’ म्हणाली असती. ही म्हणाली, “हातात किती येणार आणि कापून किती जाणार?”

“ताई, आधी अभिनंदन तरी कर.”

“करते. वारस म्हणून कुणाचं नाव लिहिलंस?”

मी चोवीस वर्षांचा, धडधाकट, आणि हिला माझ्या मरणाची घाई.

घरातली पोरंटोरं तिला ‘तिजोरी’ म्हणतात. माझ्या आठ वर्षांच्या पुतणीकडून ती खाऊच्या पैशांचा हिशेब घेते, त्यामुळे ताई येणार म्हटलं की पुतणीच्या पोटात दुखायला लागतं. मीही हसायचो. तिची गोष्ट कळल्यापासून जरा बेतानं हसतो.

मावशीचं घर दोन खोल्यांचं. काका, म्हणजे ताईचे वडील, छापखान्यात मशीन चालवायचे. माणूस सरळ, पण एक नियम कडक. पैशाचं बोलणं पोरांच्या कानावर पडता कामा नये. पगार, उसनवारी, घरभाडं, काहीही निघालं की काका नुसता घसा खाकरायचे, आणि ताई पुस्तक उचलून बाहेर जिन्यात जाऊन बसायची. मोठ्यांच्या नावची पत्रं उघडणं हा तर त्याहून मोठा गुन्हा. पोरगी इतकी वळणाची निघाली, की पुढे काकांना खाकरायचीही गरज उरली नाही. कुणी ‘भाडं’ एवढं म्हटलं की ही आपोआप उठायची. आणि जिन्यात बसून काय करायची, तर चक्रवाढ व्याजाची गणितं तोंडी सोडवायची. गणितात पैकीच्या पैकी.

एकोणिसाव्या वर्षी तिला डोळे तपासण्याच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. अभ्यास चार वर्षांचा, पहिल्या वर्षाची फी काकांनी भरलेली. सहा महिने झाले नाहीत तोच काका मशीनपाशी कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मावशीला कपडे शिवण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडता येईना, म्हणून ताई कॉलेजातून रजा घेऊन त्यांच्या उशाशी बसली.

आठ महिने काकांच्या नावानं पत्रं येत राहिली. ताईनं एकही फोडलं नाही. तारखेप्रमाणे लावून, वर रबर चढवून, खिडकीतल्या फळीवर ठेवत गेली. बाबा बरे झाले की वाचतील. काका डावा हात उचलून खिडकीकडे बोट दाखवायचे. ताई खिडकी लावायची. पुन्हा बोट दाखवायचे. ती उघडायची. एकदा काकांना रडू फुटलं, तर हिनं अंगावर आणखी एक पांघरूण घातलं.

त्याच दिवसांत काकांचा विमा उतरवणारा एजंट घरी आला. मावशी कामावर होती. काकांची चौकशी करून झाल्यावर तो म्हणाला, “बाळ, बाबांचा तो हप्ता...” आणि ताई उठली. आधी पाणी आणून दिलं, मग चहा टाकला, आणि तो इतका सावकाश उकळला की एजंटाला वाटलं, घरात अडचण आहे, विषय नको. चहा पिऊन तो गेला.

मग काका गेले. पंधरा दिवसांनी ताईनं पहिल्यांदा ते रबर काढलं. तीन पत्रं विमा कंपनीची. पहिल्यात आठवण, दुसऱ्यात शेवटची मुदत, तिसऱ्यात विमा बंद पडल्याचं. दोनच वर्षं हप्ते भरलेले, त्यामुळे परत मिळण्यासारखंही काही नव्हतं. चुकलेला हप्ता केवढा होता? काकांना बघायला येणारे लोक पिशव्या भरभरून फळं आणायचे. तेवढ्या फळांच्या किमतीत भागला असता. काका खिडकी दाखवत नव्हते, हे तिला तेव्हा कळलं.

विमा बंद पडला, एवढंच तिनं आईला सांगितलं. “असा कसा पडला?” मावशीनं विचारलं. ताई चहा टाकायला उठली. मग मावशीनं उत्तर स्वतःच शोधलं. “त्या मेल्यानं हप्ता खाल्ला.” ताई नाही म्हणाली नाही. वर्ष संपायच्या आत कॉलेज कायमचं सोडून ती चष्म्याच्या दुकानात लागली.

पंधरा वर्षं मावशीनं एजंटाचा उद्धार केला. नळावर, वाण्याकडे, कारखान्यात. “मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा,” हे तिचं ठरलेलं वाक्य. आमच्या गल्लीतून त्याच्याकडे कुणी विमा काढेना, मग पुढच्या गल्लीतूनही काढेना. शेवटी तो धंदा सोडून एका गोदामात मालाच्या नोंदी करायला लागला.

गेल्या वर्षी तो ताईच्या दुकानात आला. जवळचं दिसत नव्हतं. ताईनं भिंगं घासली, चष्मा स्वतः त्याच्या कानांवर बसवला आणि विचारलं, “वाचता येतंय?”

“येतंय. आई बरी आहे ना?”

एवढंच बोलून तो गेला. ताई भर दुपारी घरी आली आणि पत्रांपासून चहापर्यंत सगळं आईला सांगून मोकळी झाली. मावशी शेंगा सोलत होती. सोलतच राहिली.

“म्हणजे इतकी वर्षं मी शिव्या कुणाला देत होते?”

“मलाच.”

संध्याकाळी दोघी त्याच्याकडे गेल्या. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वहिनी, मी तेव्हा स्पष्ट सांगायला हवं होतं. पण एवढ्याशा पोरीसमोर पैशाचं कसं बोलायचं, असं झालं.”

“नंतर तरी बोलायचं होतंत, भाऊजी.”

“काय बोलू? नुकता बाप गेलेल्या पोरीवर ढकलू?”

“आता मी सगळ्यांना सांगते. एकेकाच्या घरी जाऊन सांगते.”

“कुणाला सांगता? विमा काढणारे निम्मे वर गेले.” तो एकटाच हसला.

घरी आल्यावर मावशी म्हणाली, “तुझे पैसे कुठेकुठे आहेत, ते मला समजावून सांग.” वय बासष्ट. ताईनं सगळे कागद मांडले. मावशी तासभर ऐकत होती, मधूनच “हे परत सांग” म्हणत होती. मग कागद तिनं हळूच बाजूला सारले.

“तुझ्या राहिलेल्या तीन वर्षांना तेव्हा किती लागले असते?”

ताईनं आकडा सांगितला. सुट्या पैशांसकट पाठ होता.

“विम्याच्या पैशांत बसले असते?”

“बसून उरले असते, आई.”