दाराच्या पाठीमागचा नंबर

आमच्या धंद्यात दाखवण्यापेक्षा झाकण्याचं काम मोठं. फ्लॅटचे फोटो टाकायचे, पण सोसायटीचं नाव दिसू द्यायचं नाही. गेट नको, समोरचं मेडिकल नको. नाहीतर गिऱ्हाईक थेट वॉचमनला गाठतं, वॉचमन मालकाचा नंबर देतो आणि आपण पिंपळे गुरवच्या गाळ्यात पंख्याखाली बसून राहतो. मी याबाबतीत पक्की होते. गॅलरीतून देवळाचा कळस दिसतो म्हणून एकदा मालकिणीची साडी फोटोपुरती दोरीवर पसरून ठेवली होती.

झाकायला पैसे लागत नाहीत. दाखवायला मात्र लागतात. घरांच्या साईटवर जाहिरात टाकायची तर वर्षाचं पॅकेज, यादीत वर दिसायचं तर त्याहून मोठं पॅकेज, शिवाय गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारं ॲप, नेट, बऱ्या कॅमेऱ्याचा फोन. मी भाड्याचे फ्लॅट दाखवायला लागले तेव्हा एक स्कूटी आणि चार ओळखींवर भागायचं. आता ओळखीच्या बायकासुद्धा आधी मोबाइलवर घर बघतात आणि मग मला विचारतात.

नवरा चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे. माणूस भला, पण घरातही ऑडिटला आल्यासारखा बोलतो. पाडव्याला गुढी उतरवल्यावर आम्ही माझ्या धंद्याचं वर्षाचं बजेट मांडायला बसतो, तेव्हा तर त्याला चेवच येतो.

"ॲप कशाला? वही आहे की."

ॲप गेलं. फोन जुनाच चालवायचा असं ठरलं. पण मोठ्या पॅकेजवर मी अडून बसले. त्यातच फिरता फोटोही येत होता. म्हणजे खोलीच्या मधोमध कॅमेरा ठेवायचा आणि बघणाऱ्याने बोटाने खोली चहूकडे फिरवून पाहायची. रक्कम मोठी होती आणि ती त्याच्या ओव्हरटाइममधून जाणार होती. त्याने एकच अट घातली. दसऱ्यापर्यंत पॅकेजचे पैसे सुटले तर ठीक, नाहीतर त्याच्या कंपनीतल्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात डिस्पॅचची जागा होती, तिथे मी जायचं. मी रागाच्या भरात हो म्हणाले. बरीच कामं मी रागाच्या भरातच करते.

नोकरी वाईट नव्हती. नऊ ते सहा, कंपनीची बस, पीएफ. पण मला ती नको होती, स्पष्टच सांगते. रिकाम्या फ्लॅटचं कुलूप उघडलं की बाई तडक ओट्यापाशी जाते आणि पुरुष उगाच भिंतीवर टकटक करतो, काहीही कळत नसताना. मग दोघं एकमेकांकडे बघतात आणि घर पसंत पडलंय हे मला त्यांच्या आधी समजतं. हे सोडून मला कुठेही जायचं नव्हतं.

गणपती उठले तरी पॅकेजचे अर्धेही पैसे सुटले नव्हते. शेवटची आशा पुनावळ्याच्या एका टू बीएचकेवर होती. मालक मूळचे चिखलीचे, तिथेच त्यांचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांनी किल्ली मला देऊन टाकली होती. फिरता फोटो काढायचा म्हणून मी सकाळीच जाऊन खिडक्यांचे पडदे ओढले, बिलावरचं सोसायटीचं नाव दिसेल म्हणून लाइटबिलही उचलून ठेवलं. जाहिरात झकास झाली. साईटवर बघणाऱ्यांचा आकडा रोज वाढत होता.

फोन मात्र एकही नाही. एक आठवडा गेला, दुसराही गेला. मी फोन बंद-चालू करून पाहिला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला माझ्या नंबरवर फोन लावायला सांगितला. रिंग नीट वाजत होती. शेवटी मी नवऱ्याला म्हणाले, सोमवारपासून येते म्हणून सांगा. त्याने टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी नवा डबा आणला, तीन पुडाचा.

शुक्रवारी मी किल्ली परत द्यायला चिखलीला गेले. काकांनी मला पाहिलं आणि मशीन बंद केलं.

"ताई, बरं झालं आलात. ह्ये फोन लई येत्यात हो. दर येळी मशीन थांबवावं लागतंय."

"कसले फोन?"

"पुनावळ्याच्या घराचे. तुमीच नंबर दिलाय न्हवं?"

मी कशाला देतेय. मी तिथेच स्टुलावर बसून मोबाइलवर ती जाहिरात उघडली आणि हॉल बोटाने फिरवला. खिडकी, भिंत, बेसिन, सगळं नीट. अजून फिरवला आणि दाराची आतली बाजू आली. तिथे जाड मार्करने काकांचा मोबाइल नंबर लिहिलेला होता, जुन्या भाडेकरूंसाठी. साध्या फोटोत पाठीमागचं येत नाही, म्हणून आम्ही एजंट लोक समोरचं तेवढं झाकतो. मागे वळून बघायची मला सवयच नव्हती. एजंट टाळायचा म्हणून लोकांनी बरोबर तो नंबर उचलला होता.

माझं तोंड उतरलं. मी विचारलं, "मग दिलंत का कुणाला घर?"

"मी कशाला देऊ? घर तुमी बघताय ना?" त्यांनी नट-बोल्टच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा पुढे केला. त्यावर नावं आणि नंबर, एकाखाली एक, तेलकट बोटांच्या ठशांसकट. "समद्यांस्नी सांगितलं, ताई फोन करतील. काही जन म्हनले, तुमीच द्या की, दलाली वाचंल. मी म्हनलं, न्हाई, किल्ली त्यांच्याकडं हाय."

त्यांना वाटलं होतं, ही पद्धतच असेल. एजंटने जाहिरात द्यायची आणि मालकाने निरोप घ्यायचे. एवढी नावं लिहून ठेवताना आपण काही विशेष करतोय असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मला लाज वाटली. या माणसाचा नंबर वेळीच दिसला असता तर मी पहिल्यांदा तोच पुसला असता.

मी तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. शनिवारी दोघांना घर दाखवलं. दुसरं जोडपं आलं, तेव्हा बाई तडक ओट्यापाशी गेली. उरलेल्या नावांतून माझ्याकडचे ताथवड्याचे दोन फ्लॅट गेले आणि दसऱ्याच्या आत पॅकेजचे पैसे सुटले. ठेकेदाराला नवऱ्याने स्वतःच नकार कळवला. नव्या डब्यात मी आता किल्ल्या ठेवते, तिन्ही पुडांत मावतात.

भाडेकरू सामान लावण्याआधी मी काकांना घेऊन पुनावळ्याला गेले. पर्समध्ये थिनरची बाटली आणि फडकं होतं. मी दार लोटून पुसायला लागणार, तेवढ्यात काकांनी थांबवलं.

"राहू द्या की ताई, कशाला पुसताय?" ते म्हणाले, आणि खिशातून मार्कर काढून माझ्या हातात दिला. "खाली तुमचाबी लिवा."

मी लिहिला.