चौकातला म्हसोबा हलवायचा आहे

रविवार, पौष वद्य पंचमी, सकाळची वेळ. हजर: खांद्याला दादाचे दोन्ही मुलगे, जावई आणि भुशी गावचे सखाराम आबा, मागे बाजारातले व्यापारी, शाळेतले मास्तर, नगरपालिकेचे काही सभासद. माडीच्या खिडकीत वहिनी, मी आणि शेजारच्या बायका. यायचे ते सगळे आले होते, पण पुढे कोणालाच सरकता येत नव्हते. माझ्या भावाची, दादाची, तिरडी लोणावळ्याच्या चौकात, आमच्याच घरासमोर अडकून उभी होती. एकीकडे गवताच्या गाड्या, दुसरीकडे मुंबईकरांच्या मोटारी आणि मधोमध म्हसोबा. एक शेठजी मोटारीतून उतरले, म्हसोबाला हात जोडले आणि परत आत जाऊन बसले. तिरडीकडे त्यांनी पाहिलेही नाही. वहिनी रडता रडता थांबल्या नि म्हणाल्या, "यांनीच ना आणून बसवला हा इथे..."

हो, त्यानेच. आणि मी तेव्हाच सांगितले होते.

दादा भाताचा अडत्या. सारा व्यवहार बैलगाड्यांवर, म्हणून चौकातली कोंडी त्याला जास्त बोचायची. चार रस्त्यांनी गाड्या, टांगे, मोटारी यायच्या आणि जो तो मधूनच घुसायचा. एकदा टांगा उलटला, तेव्हा नगरपालिकेत ठरू लागले की दिवसा बैलगाड्यांना रेल्वेच्या फाटकापलीकडेच थांबवायचे. भुशीची माणसे सकाळी दूध, गवत, सरपण आणून बंगल्यांवर घालत. तिथून डोक्यावरून वाहून आणायचे तर दूध नासायचे आणि हमालीतच सगळे जायचे. सखाराम आबा दुकानात येऊन बसले. "गाडी बंद झाली तर आमी खायाचं काय, भाऊ?" दादाने शब्द दिला, की मी आहे तोवर तुमच्या गाड्या बंद होणार नाहीत. शब्द देताना त्याने कुणाला विचारले? कुणालाही नाही. त्याची ही जुनी खोड.

मग रोज सकाळी हा गृहस्थ छत्री घेऊन चौकात उभा. डावीकडून जा, डावीकडून जा, म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचा. मी शाळेत शिकवायला निघायची तेव्हा त्याचा चहा घरात निवत पडलेला असायचा. गाडीवानांना मजा वाटे. एकदा सखाराम आबांनीच बैल थांबवून विचारले, "डाव्या अंगानं का म्हून? डावं तर मयताचं! मयताला चाललोय व्हय आमी?" सगळा चौक हसला. दादाही हसला आणि घरी येऊन माझ्यावर चिडला.

त्याच सुमारास रस्ता रुंद करायला कडेच्या उंबराखालचा म्हसोबा हलवायचा होता. दादाच्या डोक्यात आले की त्याला चौकाच्या मधोमध बसवावे. मावळातला माणूस देवाला उजव्या हाताला ठेवूनच पुढे जाणार. म्हणजे प्रत्येक गाडी आपोआप डाव्या बाजूने वळणार. मी म्हटले, देवाला पोलीस करू नकोस. ऐकेल तर तो दादा कसला! परवानगी काढली, स्वतः पूजा केली, स्वतःच्या हाताने दगड बसवला. आणि खरोखर जमले... गाड्या देवाला वळसा घालून अशा सुरळीत जाऊ लागल्या की मुंबईचे शोफरही त्यांच्यामागून निमूट वळत. गाड्या बंद करण्याची भाषा नगरपालिकेत कोणी काढीना.

पण देव रस्त्यात आहे म्हटल्यावर माणसे थांबणारच. आधी नुसता नमस्कार. मग नारळ. मग नारळवाला, त्याच्या शेजारी फुलवाली, तिच्यावर सावलीला तट्ट्या. नवी मोटार घेतलेला प्रत्येक जण ती आधी म्हसोबापुढे आणून उभी करू लागला. कोंडी पूर्वीपेक्षा दुप्पट झाली. दादा फुलवालीशी भांडायला जायचा आणि हार घेऊन परत यायचा. शेवटी माझ्या कटकटीने त्याने कोपऱ्यात, रस्त्याबाहेर, नवा ओटा बांधून घेतला. आता हलव म्हटले, तर म्हणाला, "शांते, पौषात देव हलवत नाहीत. पौष सरू दे." त्याच पौषात थंडीतापाचे निमित्त झाले आणि दादाच गेला.

तेराव्यानंतर नगरपालिकेचा निरोप आला: होळीपर्यंत दगड कोपऱ्यात गेला नाही, तर बैलगाड्या बंद. सगळ्यांना मान्य, पण दगडाला हात लावायला कोणी तयार नाही. सखाराम आबा म्हणाले, ज्याच्या हातानं देव बसला त्याच्याच हातानं उठायचा, नाहीतर त्याच्या रक्ताच्या माणसाच्या. मुलांना विचारले, तर वहिनींनी दोघांनाही दगडाला हात न लावण्याची शपथ घातली. घरातून आधीच एक माणूस गेले होते, त्यांना मी काय समजावणार? राहिले कोण? मी.

गेल्या रविवारी मी सगळी तयारी केली. नारळ, पहारी, दोर, भुशीचे चौघे गडी, फुलवालीला कोपऱ्यात जागा. चौक मोकळा असतानाच काम उरकायचे ठरले होते. मी वाकून दगडाला हात लावला. तेवढ्यात भुशीकडून दुधाच्या गाड्या आल्या. कोणी ओरडले नाही, कोणी शिट्टी मारली नाही. पहिल्या गाडीवानाने माझ्याकडे पाहिले, कासरा ओढला आणि देवाला, म्हणजे मलाही, उजव्या हाताला ठेवून गाडी वळवली. त्याच्या मागून दुसरी. त्याच्या मागून तिसरी... दादा छत्री घेऊन ओरडायचा, अगदी तशीच डावीकडून.

"म्हना की, बाई," आबा म्हणाले, "उचला म्हना. तुमी बोलल्याबिगर पोरं हात लावायची न्हाईत."

मागे एक मोटार भोंगा वाजवीत होती. आबांच्या गाड्यांसाठीच हे करायचे होते, हे मला पक्के ठाऊक होते. म्हणायचा होता एकच शब्द.

"आज राहू द्या," मी म्हटले.

आबांनी दोर गुंडाळला. गड्यांनी पहारी उचलल्या. होळी तोंडावर आली आहे, आणि कोपऱ्यातला ओटा अजून रिकामाच आहे.