बोराडेंची इजिप्तची तयारी

आमच्या आणि बोराडेंच्या अंगणामधली भिंत कमरेएवढी आहे. त्यामुळं मला कान लावावे लागत नाहीत, मेथी निवडत बसलं तरी सगळं ऐकू येतं. लोक मला भोचक म्हणतात, म्हणू द्या. पण बोराडेंनी इजिप्तला जायचं ठरवल्यापासून इतकं काही साठलंय की मी पोळ्या लाटताना एकटीच हसते. मग आमचे हे आतून विचारतात, "आता काय केलं बोराडेंनी?"

*

संजयभाऊंच्या बायकोला, मनीषाला, बर्फ बघायचा होता. पण संजयभाऊ म्हणाले, "बर्फ फ्रीजमध्येपण असतो. आपल्याला इतिहास पायजे, संस्कृती पायजे." त्यांच्या कॉलेजातल्या लेकीनं, ऋचानं, मोबाईलवर पिरॅमिड दाखवले. संजयभाऊंची आई, जिजी, चष्मा लावून बघत राहिली.

"कुणाचं घर हाय हे?"

"घर नाही जिजी, राजाचं थडगं."

"मग आपला मकबरा काय वाईट हाय? रिक्षानं जाता येतं."

म्हणाली खरी, पण मोबाईल काही परत देईना. बोटानं एकेक फोटो सरकवत बसली.

*

टूरवाल्याच्या ऑफिसात मीपण गेले होते. मला त्याच बाजूला काम होतं. म्हणजे निघालं.

त्यानं विचारलं, "मॅडम, कोणती तारीख धरू?"

मनीषा म्हणाली, "नळाला पाणी येऊन गेल्यावरची कोणतीपण."

तो पोरगा पुण्याचा असावा. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, हे त्याला कळेना. शेवटी शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "लिख ले भाई, टाकी भरने के बाद का."

*

खरी अडचण जिजीची होती. पासपोर्ट तिचापण काढलेला होता, पण एका संध्याकाळी संजयभाऊ भिंतीशी येऊन हळूच म्हणाले, "सुमनताई, तिचे गुडघे पाहता तिला एवढं चालवणार नाही. जिजीला तुमच्याकडं ठेवतो. दोन वेळचं जेवण तेवढं बघा."

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी जिजी माझ्याकडं आली. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि फरशीकडं बघत विचारलं, "सुमन, मला नेतील का गं?"

जिजीचं माहेर सिल्लोडकडं. लग्न होईपर्यंत डोंगरात शेळ्या वळल्या, मग सासरी शेती केली. विमान तिनं फक्त चिकलठाण्याच्या विमानतळावरून उडताना पाहिलेलं. मी तिला अजून अर्धा कप चहा दिला.

*

तिकडं जेवण मिळेल न मिळेल म्हणून मनीषानं सराव ठेवला. घरात शिजवायचं नाही, फक्त बरोबर न्यायचे जिन्नस खायचे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. संजयभाऊ सगळ्यांना सांगत होते, "प्रवासात जिभेवर ताबा पायजे."

दुसऱ्याच संध्याकाळी आमची कडी वाजली. संजयभाऊ हातात वाटी घेऊन उभे.

"ताई, काही कालवण उरलंय का? मनीषाला सांगू नका."

भिंतीपलीकडून मनीषाचा आवाज आला, "दोन वाट्या घ्या. मलापण आणा."

*

आमच्या गावात पाहुणा आला की त्याला वेरूळला न्यायचंच. संजयभाऊंनी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना नेलंय. एकदा ऋचानं विचारलं, "पप्पा, तुम्ही कैलास लेण्याच्या आत कधी गेलात?"

"मी आत गेल्यावर गाडी कोण बघणार?"

म्हणजे पाहुणे लेण्यात, आणि हे पार्किंगच्या झाडाखाली कणीस खात. निघाले होते इजिप्तचा इतिहास बघायला.

*

शेवटी ऋचाच बापाला म्हणाली, "जिजीची परीक्षा वेरूळला घ्या. डोंगर चढली तर तिला न्यायचं."

"अन् नाही चढली तर हट्ट करायचा नाही," संजयभाऊंनी जिजीला बजावलं. जिजी नुसती व्हय म्हणाली.

रविवारी निघालो. गाडीत एक जागा होती, म्हणून मीपण. संजयभाऊंच्या पायात इजिप्तसाठी घेतलेले नवे बूट. कैलास लेण्याच्या बाजूनं डोंगरावर वाट जाते, वरून अख्खं देऊळ दिसतं. ऊन चांगलंच तापलं होतं. जिजीनं पायथ्याशी चपला काढून माझ्या पिशवीत टाकल्या, पदर खोचला आणि शेळीमागं निघाल्यासारखी चालायला लागली. गुडघे दुखत होते, मधेमधे हात लावत होती, पण थांबली नाही.

अर्ध्या वाटेत मागून आवाज आला, "जिजी, दमानं घे."

वळून पाहिलं, तर संजयभाऊ दगडावर बसलेले. एक बूट पायात, एक हातात. तोंड लालबुंद.

जिजी वर पोचली. कड्यापासून जरा अलीकडं थांबून खालचं देऊळ बराच वेळ बघत राहिली. मग लेकाकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं.

"सुमन, आम्ही जाऊन येतो. संज्याला तुझ्याकडं ठेवते. दोन वेळचं कालवण तेवढं बघ."