रविवारी मैदानात सामान

आमची आत्या एकदा लिहिलेलं पुन्हा कधी वाचत नाही. बोलताना तोंड चालतं तसाच तिचा हात चालतो, आणि काना कुठे पडला, मात्रा कुठे गेली, याची चौकशी करायला ती थांबत नाही. मी तिची भाची. शिवणकाम करते, एक टाका चुकला तरी अख्खी शिवण उसवते, म्हणून तिचं हे वागणं बघून माझं डोकं फिरतं. पण त्या वर्षी तिच्या एका चुकलेल्या कान्याने जे केलं, ते माझ्या सगळ्या बरोबर टाक्यांना जन्मात जमलं नसतं, हे कबूल करावंच लागेल.

लग्न होऊन आली तेव्हापासून आत्या फुटबॉल क्लबच्या तिकीटखिडकीत बसते. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, त्याच क्लबचं मैदान राखतात. गवताला पाणी घालणं, ते कापणं, पांढऱ्या रेषा मारणं, आणि रेषेच्या आत चपला घालून आलेल्या माणसावर खेकसणं, ही त्यांची कामं. दोघांना मूलबाळ नाही. सणवार, पाहुणे, रुसवेफुगवे, जे काही असेल ते क्लबातच. घर आपलं झोपण्यापुरतं.

आता आमचा संघ. आमचा संघ हरतो. कधीमधी नाही, नेमाने हरतो. गोलरक्षकाला सगळे चाळण म्हणतात आणि तोही ओ देतो. बिचारा धंद्याने नळदुरुस्तीवाला. आठवडाभर लोकांच्या घरची गळती थांबवतो आणि रविवारी स्वतःच गळतो. पूर्वी एक फरशीवाला जर्सीवर आपल्या दुकानाचं नाव छापायचे पैसे द्यायचा, पण हरणाऱ्यांच्या छातीवर माझं नाव नको म्हणून तोही गेला. लोक तरी किती दिवस तिकीट काढून पराभव बघणार? ओळीने बाकं रिकामी पडायला लागली.

क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. माणूस वाईट नाही, पण किडलेलं दिसलं की उपटायचं, हा त्यांचा खाक्या. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की हंगाम संपेपर्यंत क्लबने मैदानाचं भाडं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं तर ठीक, नाहीतर कुलूप. जिंकून पैसे येतील ही आशा सोडा, दुसरं काहीतरी बघा, असंही म्हणाले. दुसरं काय बघायचं ते मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. त्या दिवशी आत्या माझ्याकडे आली, मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि एक अक्षर बोलली नाही. आत्या गप्प बसलेली मी त्याआधी पाहिलेली नव्हती, आणि मला खरंच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मात्र पदर खोचून उठली. निदान येत्या सामन्याला तरी गर्दी करायची, असं तिने ठरवलं. चौकात लावायला मोठा फळा मिळवला, रंगाचा डबा घेतला आणि एका दमात लिहून टाकलं. तिला लिहायचं होतं, "रविवारी मैदानात सामना. घरचे सगळे घेऊन या." म्हणजे बायको, पोरं, सासूसासरे, सगळ्यांना आणा. पण सामन्यातला काना एक घर मागे सरकला. फळ्यावर आलं, "रविवारी मैदानात सामान. घरचे सगळे घेऊन या."

फळा आठवडाभर चौकात उभा होता. मी त्याच्या समोरून रोज गेले आणि वाचला नाही, कारण आत्याचं अक्षर बघितलं की माझे डोळे आपोआप दुसरीकडे जातात.

रविवारी मी दारावर पोचले तर एक गृहस्थ घडीचा पलंग डोक्यावर घेऊन खिडकीशी उभे. सामान कुठे ठेवायचं, असं विचारत होते. आत्याला वाटलं, उन्हाने यांचं काहीतरी बिनसलंय. त्यांच्यामागे एक बाई बाबागाडी ढकलत आल्या, तीत बाळाऐवजी कपबशा. मग एक कपाट आलं, आरसा आला, पिंजरा आला, आणि एक अख्खं कुटुंब चौघांनी चार कोपरे धरून सोफा घेऊन आलं. आत्या खिडकीतून उठून चौकात धावली, फळा वाचला आणि कपाळावर हात मारला. मैदानात बाजार आहे, घरचं जुनं सामान विकायला आणा, असा अर्थ लोकांनी काढला होता. मी तिच्या मागे होतेच. म्हटलं, आता तरी परत वाचत जाशील ना? तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फळ्याकडे पाहिलं, त्या लांबलचक रांगेकडे पाहिलं, आणि परत खिडकीत जाऊन बसली.

"एका टेबलाएवढ्या जागेला एक तिकीट," ती पलंगवाल्यांना म्हणाली. "बघायला येणाऱ्यांना वेगळं."

तिकडे आतोबा पाण्याची नळी हातात धरून गवताच्या कडेला उभे राहिले. रेषेच्या आत जो पाय टाकेल त्याला मी धुऊन काढीन, एवढंच त्यांचं म्हणणं. चेष्टा नव्हती ती. पलंगवाल्यांचा एक पाय भिजलाच. त्यामुळे सगळं सामान मैदानाभोवती रेषेबाहेर गोल मांडलं गेलं, आणि मधल्या हिरव्यागार जागेत ठरल्या वेळी संघ उतरला. मग झालं असं, की ज्यांनी खुर्च्या, पलंग, सोफे विकायला आणले होते ते त्यांवरच ऐसपैस बसून सामना बघायला लागले. घासाघीस करणारे गोल झाला की थांबायचे, हळहळायचे आणि पुन्हा भावावर यायचे. आम्ही हरलो. पण एरवी अर्ध्यातच उठून जाणारी माणसं अंधार पडायला आला तरी हलेनात. पिंजरा कुणी घ्यायचा यावर दोन बायकांचं जुंपलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी सामानाचा बाजार भरायला लागला. आत्याने फळा तसाच ठेवला. चाळण सामन्याआधी टेबल टाकून लोकांचे गळके नळ दुरुस्त करून द्यायला लागला आणि त्यातला वाटा क्लबाला देऊ लागला. संघाचे कपडे धुवायचं मोठं मशीन आठवडाभर रिकामं असायचं, ते शेजारपाजारच्यांना भाड्याने मिळायला लागलं. सकाळी बाकांवर म्हाताऱ्या मंडळींचा व्यायामवर्ग सुरू झाला. मी जुन्या, विटलेल्या जर्स्यांच्या पिशव्या शिवायला घेतल्या. मला वाटलं होतं गोल करणाऱ्यांचे आकडे खपतील. छे! खपायची ती चाळणीच्या एक नंबरची पिशवी. लोक म्हणायचे, बिचारा, घेऊया. तो माझ्याकडे येऊन विचारायचा, ताई, आज किती गेल्या? आणि एवढा मोठा बाप्या लाजायचा.

हंगाम संपायच्या आतच मैदानाचं भाडं निघालं. आत्याने सगळ्यांना चहा पाजला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

कसले सुटतोय! डॉक्टरांनी परत बैठक बोलावली. ते शांतपणे म्हणाले की बाजार कमावतो, मशीन कमावतं, पिशव्या कमावतात. एकटा संघ तेवढा खातो. बूट, बस, मलमपट्टी, सगळा खर्च त्याचा. तेव्हा संघ बंद करू, गवत काढून जमिनीवर सिमेंट घालू आणि बाजार रोज भरवू. हिशोबाने बोलत होते, आणि हिशोब चूक नव्हता, हेच तर वाईट. समितीतली डोकी एकेक करून हलायला लागली. आतोबा उभे होते ते खाली बसले. चाळण आपल्या नखांकडे बघत होता. माझ्या तोंडाशी दहा शिव्या आल्या, पण मुद्दा एकही आला नाही.

आत्या मात्र उठली. तिने विचारलं की मागे संघ बाहेरगावी खेळायला गेला होता, तो रविवार कुणाला आठवतो का. टेबलं तीच होती, सामानही तेच. लोक आले, हवं ते घेतलं आणि पिशवी उचलून चालते झाले. दुपारी तर टेबलवालेच एकमेकांच्या वस्तू बघत बसले होते. आपल्याकडे सामान घ्यायला येतात खरं, पण थांबतात ते पोरांसाठी, असं ती म्हणाली.

"त्यांचा खेळ बघायला?" डॉक्टर हसले. "अहो बाई, तुम्ही स्वतः तरी कधी बघितलाय का त्यांचा खेळ?"

"नाही," आत्या म्हणाली.

सगळी डोकी तिच्याकडे वळली. माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. तिकीटखिडकीचं तोंड रस्त्याकडे. मैदान तिच्या पाठीशी, मध्ये भिंत. इतकी वर्षं तिने फक्त आरडाओरडा ऐकला होता.

"मी आत जाणारी माणसं बघते आणि बाहेर पडणारी बघते," ती म्हणाली. "आत जाताना एकेकटी जातात. बाहेर पडताना एकमेकांशी भांडत येतात, तू असा, तुझा गोलकीपर तसा, आणि दारात म्हणतात, रविवारी भेटू. कपाट विकत घेऊन कुणी कुणाला रविवारी भेटू म्हणत नाही, डॉक्टर. हरू देत पोरांना. हरायला आपली जागा आहे, आता ती आपण स्वतः कमावतोय. आणखी काय पाहिजे?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले की सिमेंटचं पुढे कधीतरी बघू. पुढे कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे त्यांचं मराठी आम्हा सगळ्यांना येतं. चाळणीने तिथल्या तिथे आत्याच्या पाया पडायला वाकताना टेबलाला डोकं आपटून घेतलं.

पुढच्या रविवारी डॉक्टर स्वतः येऊन तिकीटखिडकीत बसले. आत्याला म्हणाले, जा, आज तुम्ही बघा. सुट्टे पैसे देताना त्यांची त्रेधा उडत होती, पण उठले नाहीत. आत्या भिंतीला वळसा घालून आत आली आणि त्या कुटुंबाच्या सोफ्यावर, तो अजून विकला जात नव्हता, आतोबांशेजारी टेकली. आतोबांनी त्या दिवशी नळीही हातात घेतली नव्हती.

खेळ सुरू झाला. आमच्या पोराने आमच्याच पोराला पाडलं. एकाने चेंडू मारला तो थेट कपबशांच्या टेबलावर. चाळण डावीकडे झेपावला, चेंडू उजवीकडून हळूच, घरंगळत आत गेला. आत्याचं तोंड उघडं ते उघडंच. तशीच ती आतोबांकडे वळली.

"अहो, किती वाईट खेळतात हे!"

"आता बरं खेळतात," आतोबा म्हणाले. "आधी बघायला हवं होतंस."

आत्या इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं, हे मला कळलं आणि आतोबांनाही कळलं. त्यांनी तिचा हात धरला. मग ती सोफ्यावर उभी राहिली आणि सामना संपेपर्यंत चाळणीच्या नावाने अशी ओरडली की सोमवारी तिच्या घशातून आवाज फुटेना. आतोबा सगळ्यांना सांगत सुटले, बोलायला लावू नका तिला, काल सामना होता.